बेटावरची अर्धी घोटाई

परवा सकाळी तुमचा फोन वाजला. मी तो अजून बंद केलेला नाही, रोज चार्जिंगला लावते आणि देवळीत ठेवते. पडद्यावर नाव आलं, कातरीनबाय इगर्ज, पणजीजवळच्या त्या बेटावरच्या देवळाची झाडलोट करते ती. मी उचलला, आणि काही बोलायच्या आत तिकडून तिचा आवाज आला, "मेस्त, फेस्त लागीं पावलें. केन्ना येता तूं?"

मेस्त म्हणजे गवंडी. बेटावर तुम्हाला दुसरं नावच नव्हतं. जत्रा जवळ आली, तू कधी येतोस, एवढंच ती विचारत होती. मेस्त गेले, असं सांगायचं होतं मला. तोंडातून निघालं, "ते जरा बाहेर गेलेत." आणि फोन ठेवला. संध्याकाळी मीच तिला उलटा फोन लावून खरं सांगितलं. ती तिच्या भाषेत हळू आवाजात प्रार्थना म्हणायला लागली. मला शब्द कळले नाहीत. मी फोन कानाला लावून उभी राहिले. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, तू ये.

तुम्हाला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. रेखा तेरावं करून लातूरला गेली. आई, चल माझ्याकडं, म्हणून लेक दोनदा रडली, पण मी गेले नाही. का गेले नाही ते तिला सांगता आलं नसतं. दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या भिंतीवर घोटणीचा आवाज येतो. ओल्या चुन्यावरून तुमचा गोटा फिरायचा तसा, आधी खरखरीत आणि मग गुळगुळीत होत जाणारा. पहिल्या दिवशी मी उठून मागं गेले. भिंत कोरडी होती, ऊन पडलं होतं, एक सरडा होता. शेजारच्या म्हातारीला विचारलं तर म्हणाली, गिरणी असंल. गिरणी दुपारी बंद असते. मी भ्यायले नाही. आवाज थांबेपर्यंत दारात बसून राहते आणि मग चहा ठेवते. पहिले चार दिवस दोन कप ठेवला गेला.

लोक भेटायला येतात तेव्हा तुमच्या कामाचं बोलतात. नळदुर्गच्या किल्ल्याच्या डागडुजीवर तुम्ही चुना शिकलात, सिमेंटच्या जमान्यात चुन्याची घाणी चालवणारे तालुक्यात तुम्हीच उरला होतात, असं सगळं. मी मान डोलावते. दत्तूचं नाव कुणी घेत नाही. चौदा वर्षांत आपल्या घरात ते नाव घ्यायची चोरीच झाली होती. म्हणून आता घेते. हे लिहायचं कारणही तेच आहे.

माझ्या पाठचा माझा एकच भाऊ. मुरुमला पंपाच्या मोटारींना तार गुंडाळायच्या दुकानात कामाला होता. तिथं त्याचं मन लागेना आणि तुमच्याबरोबर बेटावर देवळाच्या डागडुजीला गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकून त्याला बेट बघायचं होतं. तुम्ही नको म्हणत होतात, हेही लिहिलं पाहिजे. "तिथं उंचावर काम असतंय, ह्याला जमायचं न्हाय," असं तुम्ही मला चुलीपाशी म्हणाला होतात. मीच म्हणाले, घेऊन जा, तुमच्या नजरेखाली राहील. तीस वर्षांचा बाप्या माणूस, पण मला तो नजरेखाली ठेवायचाच वाटायचा.

पहिल्या सुट्टीला आला तेव्हा किती बोलत होता. होडीवर माणसं, मोटारी, कोंबड्या सगळं एकदम चढतं, असं सांगायचा. बेटाच्या टेकडीवर पांढरीशुभ्र इगर्ज, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांचं देऊळ, आणि ती नदीतूनच दिसते. आत सोन्याचा वर्ख लावलेली लाकडी कोरीव भिंत. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या. "आक्का, शिंपल्यातून उजेड येतोय. दुधासारखा," तो म्हणाला. आणि जमिनीत थडगी. आडव्या दगडांवर नावं कोरलेली, त्यावरूनच लोक चालतात. "पयल्या दिशी म्या उड्या मारत चाललो," असं म्हणून तो उड्या मारून दाखवायला लागला. तुम्ही भिंतीला टेकून हसत होतात. तुम्हाला तसं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

शिमग्याच्या आधी आठ दिवस तुम्ही त्याची मयत गाडीतून घेऊन आलात. बेटापासून नळदुर्गपर्यंत त्याच्या शेजारी बसून आलात. दारात उतरलात तेव्हा तुमच्या हातावर चुना वाळलेला होता, कोपरापर्यंत. मी दत्तूकडं बघायच्या आधी तुमच्या हाताकडं बघितलं. "पाय घसरला," तुम्ही म्हणालात. चौदा वर्षांत त्यापुढं एक शब्द नाही.

मुरुमचा एक मजूर तेव्हा तुमच्या हाताखाली होता. त्यानं माझ्या आईला सांगितलं की त्या दिवशी दाजी-मेव्हण्यांचं काहीतरी बोलणं झालं होतं. काय बोलणं, ते त्यालाही माहीत नव्हतं. आईनं मग तुम्हाला कधी पाणी विचारलं नाही. तुम्ही तिच्या उंबऱ्यावर बसायचात, मी आत जायची. ती गेली तेव्हाही तुम्ही बाहेरच होतात. दत्तूच्या बायकोनं पुढं दुसरं घर केलं, ते बरं झालं. मी मात्र तुम्हाला विचारत राहिले. जेवताना विचारलं, शेतातून येताना विचारलं, एकदा रेखाच्या लग्नाच्या मांडवात विचारलं. काय बोलला होतात तुम्ही त्याला? तुम्ही उठून जायचात.

आणि दर थंडीत बेटावर जायचात. काम नसलं तरी जायचात. जत्रेच्या आधी नऊ दिवस तिथं प्रार्थना चालतात, त्या दिवसांत तुम्ही इगर्जीची दर्शनी भिंत चुन्यानं पांढरी करून द्यायचात, आपल्या मनानं. मग जत्रेच्या दिवशी होडीपासून अनवाणी टेकडी चढून, मेणबत्ती लावून यायचात. हे मला सहन व्हायचं नाही. त्यावरून आपली भांडणं झाली त्यातलं एक अजून तसंच पडलंय, तुम्ही मधेच उठलात म्हणून.

मी म्हणाले होते, "माझा भाऊ जिथं गेला तिथं तुमी जत्रंला जाता. लाज वाटत न्हाय?"

"जत्रा न्हाय ती."

"मग काय हाय? खंडोबा दारात असताना तुमाला तिथली देवी लागती?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपला खंडोबा तरी कुठं एका गावात ऱ्हातोय? थोडं दिस अणदूरला, थोडं दिस नळदुर्गला. देवाला गाव बदलू देतो आपुन. माणसाला न्हाय का?"

"देवाचं सांगू नका. दत्तूचं सांगा."

"तो हाय तिथं," तुम्ही म्हणालात. मी वळून बघितलं. तुम्ही खाली बघून म्हणालात, "दुपारच्याला इगर्ज रिकामी असती. वरच्या माडीवर कुणी तरी घसा साफ करतंय. त्याची सवय तुला ठावं हाय." मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. त्यात वेडा हा शब्द होता. आज तो परत घेते. मागच्या भिंतीवरचा आवाज ऐकून मी दारात बसणारी बाई, मी कुणाला वेडा म्हणणार?

गेल्या थंडीत तुमची छाती इतकी भरली होती की पायऱ्या चढताना तुम्ही तीन ठिकाणी थांबायचात. डॉक्टरांनी धूळ बंद, चुना बंद, चढणं बंद सांगितलं होतं. जत्रा आठ दिवसांवर आली आणि तुम्ही म्हणालात, "एवढ्या बारीला तू चल." तुम्ही कधी मागितलं नव्हतं असं काही. मी आले, खरं तर दत्तू जिथं पडला ती जागा मला बघायची होती. तुमच्यासाठी आले असं म्हटलं तर ते खोटं होईल.

सोलापुरातून पणजीची गाडी. तुमच्या मांडीवर झाकणाचा डबा होता, त्यात वर्षभर पाण्याखाली मुरवलेला चुना, लोण्यासारखा. कंडक्टर म्हणाला, मामा, दही हाय का? तुम्ही म्हणालात, "व्हय, पण आंबट हाय." मला हसू आलं. लगेच राग आला की मला हसू का आलं.

होडीवर चढायच्या आधी तुम्ही चपला पिशवीत टाकल्या. मी नाही काढल्या. नदी रुंद, मातकट, दोन्ही काठांवर खारफुटी. मागच्या काठावर झाडांतून पांढरे मनोरे वर आले होते, एकाशी एक न जुळणारे. तुम्ही बोट करून सांगितलं की तिथं एके काळी मोठं शहर होतं, साथी आल्या, माणसं मरत गेली, उरलेली सोडून गेली. घरांचा दगडही लोकांनी नेला. राहिल्या त्या इगर्जी. "माणसं गेली आन देव तेवढं ऱ्हायलं," तुम्ही म्हणालात. "सणाला लोक येत्यात होडीनं. मग देवाला बरं वाटतंय."

जत्रा अजून दोन दिवसांवर होती, तरी बेटावर उतरल्यावर वाटेनं माणसंच माणसं. लुगड्यातल्या बायका, फ्रॉकातल्या म्हाताऱ्या, केसांत माळायचे अबोलीचे वळेसर, मेणबत्त्यांचे जुडगे. कपाळाला कुंकू लावलेल्याही कितीतरी होत्या. वाटेच्या कडेला मेणाची माणसं विकणारे बसलेले. ज्याचा हात दुखतो त्यानं मेणाचा हात सायबिणीला वाहायचा, ज्याचा पाय त्यानं पाय. सायबीण म्हणजे त्यांची माउली, लेकराला कडेवर घेतलेली. तुम्ही एक अख्खा मेणाचा माणूस घेतलात. विकणारी तुम्हाला ओळखत होती. दर वर्षी तुम्ही तोच घेता, असं तिनं मला सांगितलं, आणि एकदा तिनं तुम्हाला सांगितलं होतं की मेलेल्यासाठी हे चालत नाही, जित्या माणसासाठी असतं. तेव्हा तुम्ही तिला म्हणाला होतात, "म्या जिता हाय न्हवं."

मी इतकी वर्षं समजत होते तुम्ही दत्तूसाठी जाता. तो मेणाचा माणूस तुम्हीच होतात.

कातरीनबाय इगर्जीच्या दारात झाडू घेऊन उभी होती. सत्तरीची, वाकलेली, डोळे घारे. तिनं माझा हात धरला आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला. "तुजो भाव," ती म्हणाली. तुझा भाऊ. मला आत नेऊन तिनं एका दगडापाशी उभं केलं, कुणा जुन्या माणसाचं नाव कोरलेला दगड. त्याच्याशेजारी जमिनीवर एक पणतीएवढी जागा चुन्यानं पांढरी केलेली होती. मी तिथं बसले. थंडगार फरशी होती. वर बघितलं तर माडीचा कठडा, त्याच्या वर कमानीचं पांढरं छत, आणि त्या छतात एका बाजूला दोन सुपांएवढा मळकट ठिपका. बाकी सगळं आरशासारखं गुळगुळीत. तेवढीच जागा खरखरीत, उजेड गिळणारी.

सकाळची प्रार्थना संपून लोक जेवायला पांगले. कातरीनबायनं तुमच्या हातात किल्ली दिली आणि ती पण गेली. तुम्ही तिला आधीच सांगून ठेवलं असणार. बाहेरच्या मोठ्या क्रुसाच्या ओट्यावर बसून तुम्ही डबा उघडला, चुन्यातलं पाणी काढून टाकलं, हाताला खोबरेल चोळलं. माझ्याकडं न बघता बोललात.

"शालन, त्या दिशी त्याला चक्कर येत हुती."

मी तुमच्या शेजारी ओट्यावर बसले.

"हितंच बसला हुता, ह्याच वट्यावर. म्हणला, दाजी, आज वर न्हाय जात. डोळ्याफुडं पांढरं दिसतंय."

"मग?"

"छताची घोटाई अर्धी झाली हुती. ओला चुना. अर्धी सोडली तर जोड दिसतोय, जलमभर दिसतोय. आन परांचीवरनं वरच्या कोपऱ्यात माझं अंग जात नव्हतं, त्याचं बारीक अंग जायचं." तुम्ही चुना हातानं मळत होतात. "म्या म्हणलो, लेका, पांढऱ्यात काम करतोस, पांढरंच दिसणार. तो हसला. आन चढला."

झाडावर कावळा होता. खाली नदीतून होडीचं इंजिन ऐकू येत होतं.

"एवढंच बोललो म्या," तुम्ही म्हणालात. "भांडण न्हवतं. चेष्टा हुती."

मी चौदा वर्षं भांडणाची तयारी करून बसले होते. काहीतरी मोठं असेल, पैपाहुण्यांचं, मानापानाचं, शिवीगाळीचं. चेष्टेसाठी माझ्याकडं काहीच नव्हतं. मी म्हणाले, "जोड दिसू नये म्हणून." आणि मला वाक्य पुरं करता आलं नाही. तुम्ही उठलात. डबा घेतलात, गोटा घेतलात, पाण्याची बाटली घेतलीत, आणि माझ्यापुढं उभं राहून विचारलंत, "शिडी धरशील?"

आपल्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. तुम्ही मला यापेक्षा अवघड काही कधी विचारलं नव्हतंत.

माडीवर लाकडी जमीन, दोनशे वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली. शिडी छतापर्यंत पोचत होती पण पायथा सरकत होता. मी दोन्ही हातांनी दांडे धरले आणि खालच्या पायरीला पाय लावला. तुम्ही चढलात. चार पायऱ्या, मग थांबून दम. चार पायऱ्या, मग दम. तुमच्या छातीतली घरघर मला शिडीतून हाताला जाणवत होती. वर पोचून तुम्ही तो मळकट ठिपका खरवडला, पाणी मारलं, चुना लावला. चुन्याचे थेंब माझ्या डोक्यावर, पदरावर पडत होते. मग गोटा फिरायला लागला.

तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. घोटणीचा एक आवाज तुमच्या हाताखालून येत होता आणि एक समोरून, सोनेरी भिंतीच्या वरच्या अंधारातून, क्षणभर उशिरा. तुम्ही थांबलात की तो आणखी एकदा फिरायचा आणि मग थांबायचा. छताचा घुमारा असेल. कमानीचं छत असलं की असं होतं, तुम्हीच कधी तरी सांगितलं होतंत. मी वर बघितलं. तुम्हीही हात थांबवून ऐकत होतात. मग तुम्ही न बोलता परत गोटा फिरवायला लागलात आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. कितीतरी वेळ.

खाली उतरलात तेव्हा तुमचं तोंड पांढरं पडलं होतं, चुन्यानं का कशानं ते कळेना. आपण दोघं माडीच्या कठड्याला टेकून वर बघत उभे राहिलो. ठिपका गेला होता, तिथं नवं पांढरं चकाकत होतं. पण त्याच्या कडेनं एक रेघ होती. जुना चुना चौदा वर्षांत हस्तिदंतासारखा झाला होता, नवा दुधासारखा.

"दिसतोय जोड," तुम्ही म्हणालात.

"दिसू द्या," मी म्हणाले.

त्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटतं तुम्हाला ते पुरलं. मला नाही पुरलं, कारण मी माफ केलं असं मी म्हटलं नव्हतं, आणि तेव्हा केलंही नव्हतं. जत्रेच्या दिवशी आपण परत टेकडी चढलो, मी पण चपला काढल्या. रांगेत उभे राहून तुम्ही मेणाचा माणूस सायबिणीच्या पायाशी ठेवलात. फादरनी तिथं सगळ्या गेलेल्यांची नावं वाचली, त्यात दत्तूचं नाव आलं, दत्तात्रय असं पूर्ण, त्यांच्या उच्चारात. चौदा वर्षं दर जत्रेला ते नाव तिथं मोठ्यानं घेतलं जात होतं आणि मला माहीत नव्हतं. आपल्या घरात जे नाव कुणी घेत नव्हतं ते तिथं अनोळखी माणसं मान खाली घालून ऐकत होती. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे सुद्धा मी तुम्हाला सांगितलं नाही. घरी येऊन लगेच ज्वारीची काढणी आली, मग तुमचं दुखणं वाढलं, मग सोलापूरच्या दवाखान्याच्या खेपा. सांगायचं ते रोज उद्यावर गेलं.

तुम्ही जायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. मी पेज घेऊन आले. तुम्ही म्हणालात, "शालन, त्या दिशी पट्टा." आणि खोकल्याची उबळ आली. मी पाठ चोळली. उबळ थांबल्यावर तुम्ही परत तोंड उघडलंत आणि मी म्हणाले, "गप पडा. बोलू नका. उद्या बोला." मला माहीत होतं तुम्ही कशाबद्दल बोलणार होतात. म्हणूनच गप केलं.

आता त्या दिवशी माडीवर काय झालं ते सांगते, तुमच्या पाठीमागं झालं म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

तुम्ही वर होतात, गोटा फिरत होता, आणि माझी नजर बाकावर गेली. कुठल्याशा दुरुस्तीला आलेल्या ठेकेदाराच्या माणसांनी ठेवलेला लाल पट्टा तिथं होता, कमरेला बांधून छताच्या कडीत अडकवायचा असतो तो. कडी तुमच्या डोक्यावरच होती. तुम्ही चढायच्या आधी तो हातात घेतलेला मी बघितला होता. हातात घेऊन परत बाकावर ठेवला होतात. म्हणजे वर तुम्हाला धरणारं माझ्याशिवाय काही नव्हतं. आणि खाली, कठड्याच्या पलीकडं, त्या पणतीएवढ्या पांढऱ्या जागेवर माझा भाऊ पडला होता.

माझ्या मनात आलं, हात काढून घ्यावा. सगळा नाही काढायचा. नुसता पाय बाजूला घेतला तरी शिडी सरकली असती. पाय घसरला, असं मी रेखाला सांगितलं असतं. इतकं नीट, इतकं सगळं मनात आलं. ते किती वेळ होतं ते मला सांगता येत नाही. वरून चुन्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला आणि भाजला, आणि मी बघितलं तर माझे हात पांढरे पडेपर्यंत दांड्यांना आवळलेले होते. मनात ते चाललेलं असताना हात आणखी घट्ट धरत होते.

त्या दिवसापासून मला तुमच्या डोळ्यांत बघता आलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, दत्तूमुळं. तसं नव्हतं. तुम्ही एका शब्दानं माणूस वर पाठवलात आणि चौदा वर्षं जळत राहिलात. मी एका विचारानं माणूस खाली आणला असता, आणि वर्षभर तुमची पेज शिजवत राहिले. कोण कुणाला माफ करणार होतं? म्हणून गप केलं तुम्हाला. पट्टा विसरला होतात असं तुम्ही म्हणाला असतात तर मला तुमच्या गळ्यात पडून रडावं लागलं असतं. मुद्दाम ठेवला होता म्हणाला असतात, तर काय केलं असतं मी, अजून कळत नाही. तुम्ही मला निवाड्याला बसवलं होतंत, मला न विचारता. याचा राग मला आजही आहे, तो तुम्ही घेऊन जायला हवा होता.

पण धरली मी शिडी. मनात आलं तेही खरं आणि धरली तेही खरं. कुणाजवळ बोलायचं हे? रेखाजवळ नाही. त्या कातरीनबायजवळ कदाचित बोलेन, तिला माझी भाषा निम्मीच कळते.

उद्या सोलापूरची गाडी सकाळी साडेसहाला आहे, तिथून पणजीची. पिशवी भरून ठेवलीय. फादरना देण्यासाठी कागदावर दोन नावं लिहिलीत, दत्तूचं आणि तुमचं. आधी एकाखाली एक लिहिली आणि मधे बरीच जागा सोडली गेली होती. तो कागद फाडला, दुसरा घेतला, आणि एकाच ओळीत लिहिली.